जुने वाडे, गढ्या आणि बागा दिव्यांगांना बघता याव्यात म्हणून काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात ऐतिहासिक घर म्हटलं की डोळ्यासमोर येते ती देशमुखांची गढी नाहीतर चौसोपी वाडा, ढेलज (दारातून शिरताच लागणारी देवडी), चौक, ओसरी, वर माळवद (मातीचं सपाट छत). आणि संभाजीनगरात गेलं की बीबी का मकबरा, पाणचक्की, हिमायत बाग. आम्ही काही मित्रमंडळी, त्यात व्हीलचेअरवाले आहेत, अंध आहेत, कुबड्या घेऊन चालणारे आहेत, अशा जागी टेप घेऊन फिरतो, मापं घेतो, मालकांशी आणि कर्मचाऱ्यांशी बोलतो. जिथं जाईल तिथं तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

हे कोणासाठी लिहिलंय?

ज्यांचा जुना वाडा आहे आणि तो लोकांना दाखवायचा आहे किंवा कार्यक्रमाला भाड्याने द्यायचा आहे त्यांच्यासाठी, बागेच्या समितीसाठी, नगरपरिषदेच्या इंजिनिअरसाठी, गाईडसाठी, आणि घरात दिव्यांग माणूस आहे पण "तिथं जाता येईल का" या शंकेपायी सहलच रद्द करणाऱ्या प्रत्येक घरासाठी.

वाडा म्हटला की पायऱ्या अन् उंबरठे असणारच, मग दिव्यांगांनी तिथं यायचा अट्टहास कशाला?

हा प्रश्न आम्हाला तोंडावर विचारला जातो, त्यामुळे उत्तर पण सरळ देतो. तो इतिहास त्यांचा पण आहे. ज्या गावात माणूस जन्मला त्या गावातली गढी त्याने आयुष्यभर बाहेरूनच बघायची, हे कुठल्याच कारणाने बरोबर नाही.

दुसरं म्हणजे हे वाडे कधीच जसेच्या तसे राहिलेले नाहीत. निजामाच्या काळात लाईट आली तेव्हा भिंतीवरून वायरी गेल्या, नळ आले, संडास आतमध्ये आले, माळवद गळायला लागलं की वर पत्रे पडले, कुठं मोटारीसाठी दरवाजाची कमान फोडली. हे सगळं चाललं कारण घरातल्यांना गरज होती, मग एका लाकडी उताराने वाड्याचा वाडेपणा जातो हे आम्हाला पटत नाही.

आणि दिव्यांग म्हणजे फक्त व्हीलचेअर असं पण नाही. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, जुन्या 1995 च्या कायद्यात 7 च होते. त्यात कमी दिसणारे आहेत, ऐकू न येणारे आहेत, सिकलसेल आणि थॅलेसेमियावाले आहेत, ज्यांना बघून काहीच कळत नाही पण दहा पायऱ्यांनी दम लागतो. शिवाय गुडघे गेलेली आजी, पोटुशी सून, कडेवर लेकरू घेतलेली बाई यांना पण तोच उतार उपयोगी पडतो. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना तर जास्त सांगायची गरजच नाही, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किती घरातली माणसं कायमची जायबंदी झाली ते तिकडच्या गावोगाव माहीत आहे.

कायदा नक्की काय म्हणतो? खाजगी वाड्याला लागू होतो का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खाजगी, जिथं सर्वसामान्य लोक येतात ती. म्हणजे वाड्यात फक्त तुमचं कुटुंब राहतं तर विषय नाही, पण तिकीट लावून दाखवता, म्युझियम केलंय, हॉटेल केलंय, लग्नाला देता, तर तुम्ही त्यात येता. कायदा मोडला तर पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, परत परत झालं तर 50,000 पासून 5 लाखांपर्यंत.

मापांसाठी केंद्र सरकारची 2021 ची सुगम्यतेची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं आहेत, खाली जी मापं देतोय ती त्याच पद्धतीची. आणि 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की हे नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, काही किमान गोष्टी बंधनकारक करा, त्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" असं म्हणायचे दिवस संपत आलेत.

आमचं स्मारक संरक्षित आहे, हात लावला तर केस होईल. मग?

होईल, बरोबर आहे, म्हणून मनाने काही करू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना 1958 चा कायदा आहे आणि 2010 च्या दुरुस्तीने स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्याच्या पुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. या 100 मीटरमध्ये तुमचं स्वतःचं घर असलं तरी दुरुस्तीला परवानगी लागते. राज्याच्या संरक्षित स्मारकांना 1960 चा महाराष्ट्राचा कायदा आहे, तिथं राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जायचं. केंद्राचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, त्यांचं मंडळ कार्यालय संभाजीनगरातच आहे.

पण एक गोष्ट लोक विसरतात, परवानगी लागते ती बांधकामाला. तिकीट खिडकीवर एक बुटका टेबल ठेवणं, मोठ्या अक्षरात छापलेला नकाशा देणं, बाकडं सावलीत सरकवणं, गाईडला शिकवणं, याने कुठलाच दगड हलत नाही. आणि उचलून ठेवता येणारा उतार हवा असेल तर संबंधित कार्यालयाला फोटो, माप आणि "खिळा मारणार नाही, संध्याकाळी काढून ठेवू" असं लेखी द्या, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला नेमकं काय करणार ते कळतं आणि बोलणं पुढं सरकतं.

रॅम्प किती लांब करायचा?

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उतार 1 ला 12. म्हणजे एक इंच चढायला एक फूट लांबी. हिशोब सोपा आहे, जोत्याची (घराच्या चौथऱ्याची) उंची इंचात मोजा, तितके फूट रॅम्प. आपल्याकडच्या वाड्याला दारात सहा-सहा इंचाच्या चार पायऱ्या असतील तर झाले 24 इंच, म्हणजे 24 फूट रॅम्प लागणार. आकडा ऐकून मालक दचकतात आणि मग काय करतात तर आठ फुटाची फळी टाकतात. त्या फळीवरून व्हीलचेअर वर न्यायला दोन माणसं लागतात आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. असा रॅम्प नसलेला बरा, कारण रॅम्प आहे म्हणून माणूस भरवशाने येतो आणि तिथं येऊन अडकतो.

मग 24 फूट कुठून आणायचे? सरळच असला पाहिजे असं नाही, भिंतीला धरून वळवता येतो, फक्त वळणावर दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा पाहिजे, तितक्यात व्हीलचेअर फिरते. 9 मीटरच्या पुढे लांबी गेली तर मध्ये पण सपाट टप्पा द्या, हात दुखतात. रुंदी कमीत कमी 1200 मिलिमीटर. दोन्ही बाजूंना कठडा, आणि खाली कडेला इंच-दोन इंचाची पट्टी, नाहीतर पुढचं छोटं चाक कडेवरून घसरतं. कठड्याला हाताने धरायच्या दांड्या दोन उंचीवर असल्या तर लहान लेकरं आणि बुटकी माणसं पण धरू शकतात.

आणि रॅम्पच्या आधी वाड्याला एक चक्कर मारा. पुष्कळ वाड्यांना मागं परसात बैलगाडीचं दार असतं किंवा जमिनीचा चढ असा असतो की एका बाजूने जोतं चार इंचच राहतं. तिथून वाट काढली तर 24 फुटांचं काम चार फुटात होतं. फक्त मग ती वाट कचऱ्याच्या ढिगामागून नको, तिथं पाटी लावा, झाडून घ्या, दिवा लावा, आणि जमलं तर सगळ्यांनाच तिथून आत घ्या म्हणजे कोणाला वेगळं काढल्यासारखं होणार नाही.

दिंडी दरवाजातून व्हीलचेअर जात नाही.

जाणारच नाही, दिंडी (मोठ्या दरवाजातलं छोटं दार) वाकून आत जायला केलेली आहे, रुंदीला अडीच फूट पण नसते अन् खाली उंबरठा. मोठा दरवाजा उघडा ना! बऱ्याच ठिकाणी मोठा दरवाजा वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, बिजागऱ्या गंजलेल्या, खाली माती साचलेली. तो साफ करून, खालची चूळ (ज्यावर दार फिरतं ती खुंटी) नीट करून उघडता झाला तर ढेलज पूर्ण दिसते आणि वाड्याची शोभा पण तीच आहे. आतल्या दारांना मोकळी जागा 900 मिलिमीटर पाहिजे. जुनी दारं तितकी नसतात, तिथं चौकट तोडू नका, त्या खोलीचं दुसरं दार बघा, नाहीतर आतलं दारातूनच नीट दिसेल अशी मांडणी करा.

उंबरठा काढायचा नाही. घरातली मोठी माणसं हळदीकुंकू लावतात त्याला, भावना असतात, आणि जुनं लाकूड परत मिळत नाही. दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठेवा, चार इंचाच्या उंबरठ्याला दोन्हीकडे चार-चार फूट. खाली रबराची शीट, म्हणजे सरकत पण नाही आणि फरशीला ओरखडा पण नाही.

गावातला मिस्त्री म्हणतो सिमेंटचा रॅम्प करून टाकू, एका दिवसात होतो.

नका करू. दगड-चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला सिमेंट चिकटवलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ओल भिंतीत वर चढते, क्षार साचतात आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे निघतात, मातीची भिंत तर फुगून खाली येते. गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना तर हे अजिबात सहन होत नाही. कायमचाच रॅम्प करायचा असेल तर भिंतीपासून थोडा सुटा, स्वतःच्या पायावर उभा, लाकूड किंवा लोखंडी सांगाडा आणि वर खरखरीत फळ्या, उद्या काढला तर खाली वाडा जसा होता तसाच सापडला पाहिजे. चुन्याचं काम येणारे जुने गवंडी अजून आहेत, शोधा, त्यांना काम द्या.

आमची गढी पडकी आहे, बुरूज ढासळायलेत. तरी लोकांना आत घ्यावं का?

आधी भिंत बघा, मग रॅम्प. किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आल्याने. पळू शकणारा माणूस पण पळू शकला नाही तिथं व्हीलचेअरवरच्याचं काय होणार. म्हणून जुन्या बांधकामातलं कळणाऱ्या इंजिनिअरकडून तपासून घ्या, जो भाग धोक्याचा आहे तो सगळ्यांनाच बंद ठेवा, आणि जो उघडा ठेवताय तिथून बाहेर पडायची पायरी नसलेली एक तरी वाट असली पाहिजे. आग लागली, मधमाश्या उठल्या, काही झालं तर त्या वाटेने कोणी कोणाला न्यायचं ते कर्मचाऱ्यांना आधीच ठरवून द्या.

माडीवर कसं न्यायचं? लिफ्ट बसवावी का?

जुन्या वाड्याच्या पोटात लिफ्ट बसवायला तुळया कापाव्या लागतात, आमचं मत "नको" असंच आहे. मागं नवीन बांधकाम असेल तर त्यातून वर जोडता येतं का बघा. नाहीतर वरचं खाली आणा. झोपाळा, जुनी भांडी, शस्त्रं, सनदा, फोटो जे काय वर मांडलंय त्यातलं चांगलं ते खालच्या सोप्यात (पडवीत) मांडा. माडीचं लाकडी कोरीवकाम खाली आणता येत नाही तर त्याचा नीट शूट केलेला व्हिडिओ खाली बसून बघायची सोय करा, मोबाईलवर हलवत काढलेला नको, खिडकीतून काय दिसतं ते पण दाखवा, माणसाला माडीवर जायचं असतं ते तेवढ्यासाठीच.

आमच्याकडची पोरं उचलून नेतात की! त्यात काय वाईट?

पोरांचा हेतू चांगला असतो, शंका नाही. पण अनोळखी माणसांनी काखेत हात घालून उचलणं कसं वाटतं ते ज्याला उचललं त्याला विचारा, आणि बाईमाणूस असेल तर विचारायची पण गरज पडू नये. शिवाय मणक्याची दुखापत असलेल्याला चुकीचं उचललं तर कायमचं नुकसान होतं, व्हीलचेअरचा आर्मरेस्ट किंवा चाक धरून उचललं तर ते निसटून हातात येतं. अजिंठ्याला डोली मिळते, तिथं माणूस स्वतः ठरवून, पैसे देऊन बसतो, ती वेगळी गोष्ट, निर्णय त्याचा असतो. तुम्ही पण आधी विचारा, "मदत पाहिजे का, कशी करू?" तो नाही म्हणाला तर नाही.

गावाकडचे लोक तीनचाकी सायकलवर येतात, ती तर दारातूनच जात नाही.

हे पुस्तकी मापांत कुठंच नसतं आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतं. हाताने चालवायची तीनचाकी व्हीलचेअरपेक्षा रुंद आणि लांब असते, वळायला जागा जास्त लागते. ती सावलीत, नजरेसमोर लावायची जागा द्या आणि शेजारीच एक-दोन चांगल्या व्हीलचेअर ठेवा, हवा भरलेल्या, ब्रेक लागणाऱ्या. सायकलवरून खुर्चीत स्वतः सरकता यावं म्हणून तेवढी जागा सपाट पाहिजे. काही लोक हातावर सरकत चालतात, त्यांच्यासाठी फरशी झाडलेली असणं हीच सोय आहे, काच, खडे, पानाच्या पिचकाऱ्या यांचा त्रास त्यांना सगळ्यांच्या आधी होतो.

देवघर, समाधी किंवा दर्गा आहे, चप्पल काढायचा नियम आहे. कॅलिपरवाल्यांचं काय?

कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, ते बुटाला जोडलेलं असतं, बूट काढला की माणूस उभाच राहू शकत नाही. कृत्रिम पायाचं पण बहुतेक तसंच. त्यांच्यासाठी कापडी किंवा प्लास्टिकचं कव्हर दारात ठेवा, बुटावरून घालता येतं. व्हीलचेअरची चाकं ओल्या फडक्याने पुसली की आत न्यायला हरकत नसावी, आम्ही ज्या ज्या पुजाऱ्यांशी आणि मुजावरांशी शांतपणे बोललो त्यांना हे पटलंय. आणि उन्हाळ्यात दगड तापतो तेव्हा चप्पल ठेवायच्या जागेपासून दारापर्यंत काथ्याची पट्टी टाका, ज्यांच्या तळपायाला संवेदना नाही त्यांना भाजलेलं कळत पण नाही, घरी गेल्यावर फोड दिसतात.

अंध माणूस वाड्यात येऊन काय बघणार?

खूप काही. आमच्यातला एक मित्र ढेलजेत शिरला की आवाजावरून सांगतो छत किती उंच आहे, चौकात आला की अंगाला ऊन लागतं, ओसरीवर गार, स्वयंपाकघरात धुराचा वास अजून भिंतीत असतो. त्याला "इथं खांब आहे" एवढं सांगून उपयोग नाही, खांबाला हात लावू द्या, खालचा दगडी तळखडा, वरची कोरीव कळी. जातं, उखळ, पितळी घंगाळ, कडी-कोयंडा, दाराच्या मोठ्या खिळ्यांच्या टोप्या, हे हाताळायला द्यायच्या वस्तू म्हणून वेगळे काढून ठेवा. चित्र, कापड, नाजूक नक्षी याला कोणीच हात लावायचा नाही, त्याची लाकडात किंवा प्लास्टरमध्ये प्रतिकृती करा. अख्ख्या वाड्याचं छोटं लाकडी मॉडेल केलं तर डोळसांना पण वाडा पहिल्यांदा नीट समजतो, गावातला सुतार करून देतो.

ब्रेलमध्ये मराठी माहिती असावी, पण सगळे अंध ब्रेल वाचतात असं नाही, म्हणून मोबाईलवर ऐकायची माहिती पण हवी. ती माहिती शिवाजी महाराजांच्या सनावळ्यांची यादी नको, "आता डाव्या हाताला सहा पायऱ्या खाली, पुढे चौक, मध्ये तुळशीवृंदावन" अशी पाहिजे. कमी दिसणाऱ्यांसाठी पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी, जुन्या दगडावर रंग लावायचा नाही, काढता येणारी पट्टी लावा. आणि चालताना अंधाचा हात धरून ओढू नका, तुमचा कोपर त्याला धरू द्या, अर्धं पाऊल पुढं चाला.

कर्णबधिर लोकांना तर सगळं दिसतं, त्यांच्यासाठी वेगळं काय?

गाईड पाठमोरा बोलत पुढे निघून जातो आणि ते मागे नुसते बघत राहतात, हे आहे. माहितीचे बोर्ड सोप्या मराठीत लिहा, लांब संस्कृत वाक्यं नकोत. भारतीय सांकेतिक भाषेत छोटे व्हिडिओ करून क्यूआर कोड लावता येतो, मराठवाड्यात कर्णबधिरांच्या शाळा आहेत, तिथल्या शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना सोबत घ्या आणि त्यांना मानधन द्या, फुकट नको. व्हिडिओ असेल तर खाली मराठी अक्षरं पाहिजेतच.

स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग लेकरांना घेऊन यायचं आहे.

गर्दी, स्पीकर, अचानक अंधार याचा त्रास होतो. आठवड्यातला एखादा सकाळचा तास लाऊडस्पीकर बंद ठेवा आणि तो तास जाहीर करा. आधी बघायला फोटोंची छोटी गोष्ट करून द्या, "हे दार, मग हा चौक, इथं अंधार असतो, इथं बसता येतं". एक शांत खोली ठेवा. लेकरू ओरडलं तर आईबापाकडे बघत बसू नका.

बागेचं काय? बाग तर सपाटच असते.

सपाट दिसते. खरं दुखणं पायाखाली असतं. खडी टाकलेल्या रस्त्यात व्हीलचेअरचं पुढचं चाक रुततं, कुबडी घसरते. आपली काळी माती तर पावसात चाकाला गोळे धरते आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की काठी आत जाते. चांगला दाबलेला मुरूम चालतो पण दर पावसाळ्यानंतर परत दाबावा लागतो. शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, तिला टाकी मारून खरखरीत करून घ्या. रस्ता 1200 मिलिमीटर कमीत कमी, दोन व्हीलचेअर समोरासमोर येणार असतील तर 1800. गटारावरची जाळी आडवी बसवा, चालायच्या दिशेने फटी असल्या तर चाक अडकतं.

आणि ऊन! एप्रिल-मेमध्ये इकडे पारा सहज 40 च्या वर जातो. मणक्याच्या वरच्या भागात दुखापत झालेल्यांना दुखापतीच्या खालच्या अंगाला घामच नीट येत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, माणूस बघता बघता बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून सावली ही आपल्याकडे पहिली सोय, रॅम्पच्या बरोबरीची. साधारण 30 मीटरवर सावलीतलं बाकडं, त्याला पाठ आणि हात असलेलं, आणि शेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी मोकळी जागा, म्हणजे नवरा बाकड्यावर अन् बायको रस्त्यात असं होत नाही. स्टीलचे चकचकीत कठडे दुपारी हात लावू देत नाहीत, लाकूड वापरा. पिण्याच्या पाण्याचा नळ बसून पोचेल एवढ्या उंचीवर.

झाडं निवडताना नाकाचा आणि हाताचा विचार करा. मोगरा, निशिगंध, गवती चहा, तुळस, सब्जा, कढीपत्ता, हे वाफे जमिनीत न करता अडीच फूट उंच बांधले तर खुर्चीत बसून हात पोचतो, खाली गुडघे जायला जागा ठेवा. बोगनवेल आणि घायपात रस्त्याच्या कडेला लावू नका, डोळ्याच्या उंचीवर आलेली फांदी पांढऱ्या काठीला कळत नाही.

संभाजीनगरच्या आसपास नक्की काय बघता येतं?

बीबी का मकबऱ्याची चारबाग (चार भागांत आखलेली बाग) हे निम्मं स्मारक आहे, सरळ लांब रस्ते, मधून कारंजी, आणि समोर घुमट. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर, काम साधारण 1660 च्या सुमाराला झालं. मुख्य इमारत उंच चौथऱ्यावर आहे, पायऱ्या चढाव्याच लागतात. चढून जाणाऱ्यांना पण कबर वरूनच खाली वाकून बघावी लागते, त्यामुळे बागेतून बघणाऱ्याला त्या आतल्या जाळीचं आणि कबरीचं मोठं छायाचित्र आणि स्पर्शाने कळणारा नकाशा खाली मिळायला पाहिजे, ही आमची जुनी मागणी आहे. अंतर मोठं आहे, आवार उत्तर-दक्षिण साडेचारशे मीटरच्या पुढे, तेव्हा सोबत कोणीतरी ठेवा आणि सकाळी जा.

पाणचक्कीला पाणी लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी येतं, त्या पडणाऱ्या पाण्याचा आवाज अंध मित्रांना फार आवडतो. हौदाच्या कडेला लेकरांना सांभाळा.

वेरूळला 34 लेण्या लांबवर पसरलेल्या आहेत, सगळ्यांचा हट्ट नको. 16 नंबरच्या कैलासचं अंगण खाली जमिनीवर आहे, हत्ती, ध्वजस्तंभ, देवळाच्या चारी बाजू तिथून बघता येतात, मंडपात जायला मात्र जिनाच आहे. दौलताबादला चाँद मिनार, हत्ती हौद हा खालचा भाग, वाट दगडी आणि खडबडीत, मदतनीस लागतो, पुढे खंदक आणि अंधारी (काळोखी भुयारी वाट) आहे, ती पायऱ्यांची, तिथं व्हीलचेअरचा प्रश्नच येत नाही. नळदुर्ग आसपास नाही, लांब धाराशिव जिल्ह्यात आहे, तिथला पाणीमहाल बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात आहे, 1613 चा, उतरायला पायऱ्या, पण पावसाळ्यात नर-मादी धबधबे लांबूनही दिसतात. जायच्या आधी फोन करून चौकशी करा, दुरुस्तीमुळे वाटा बदलत असतात.

टॉयलेट खरंच इतकं महत्त्वाचं आहे?

हो. आमच्या ओळखीच्या बायका सहलीच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत, कारण तिथं जाता येईल असं टॉयलेट नसतं. बाकी सगळं केलंत आणि हे नाही केलं तर माणूस तासाभरात परत जातो. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आत व्हीलचेअर फिरेल अशी दीड मीटर जागा, कमोड, दोन्ही बाजूंना पक्के दांडे, फरशी कोरडी. वाड्यात नको, परसात वेगळं बांधा. आणि कृपा करून तिथं झाडू, बादल्या, जुने बॅनर ठेवून कुलूप लावू नका, आम्हाला अशी टॉयलेट उघडी कमी अन् कुलूपबंदच जास्त सापडतात.

पैसा कुठून आणायचा?

निम्म्या गोष्टींना पैसाच लागत नाही, वर वाचलंत तर लक्षात येईल. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, जागा त्यांच्या ताब्यातली असेल तर ग्रामसभेत विषय काढा. पण हा निधी स्थानिक दिव्यांगांचा हक्काचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय तो पर्यटनाच्या कामाला वळवू नका.

आमच्या जागेची माहिती लोकांना कशी द्यायची?

खरी द्या. "दिव्यांग-स्नेही" एवढं लिहून काही कळत नाही. लिहा की दारात दोन पायऱ्या सात-सात इंचाच्या, फिरता रॅम्प मागितल्यावर मिळतो, आतली दोन दारं 28 इंचाची, टॉयलेट 60 मीटरवर, माडीवर जाता येत नाही. दाराचा, पायऱ्यांचा, टॉयलेटचा फोटो टाका. चालू असलेला एक फोन नंबर द्या. ज्याचं त्याला ठरवू द्या, स्वतःची खुर्ची किती इंचाची आहे ते त्याला माहीत असतं.

तक्रार कुठं करायची?

आधी तिथल्याच व्यवस्थापकाला लेखी द्या, पोच घ्या. नाही ऐकलं तर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, कार्यालय पुण्यात आहे. सुगम्य भारत ॲपवर पण फोटोसकट तक्रार टाकता येते.

रॅम्प केला, आता झालं का?

लाकडी रॅम्प दर पावसाळ्यानंतर उलटा करून खालून बघा, वाळवी लागते आणि वरून कळत नाही. खिळ्यांची डोकी वर आलीत का ते हात फिरवून बघा. फिरता रॅम्प कुठं ठेवलाय आणि कुलपाची चावी कोणाकडे आहे हे दारावरच्या प्रत्येक माणसाला माहीत पाहिजे, रविवारच्या बदली वॉचमनला पण. वर्षातून एकदा जवळपासच्या दिव्यांग मंडळींना बोलवून त्यांनाच फिरू द्या, ते जिथं अडकतील ते लिहून घ्या आणि येण्याजाण्याचा खर्च त्यांना द्या.